जाहिरातीतला शेतकरी

गेल्या जिल्हा बैठकीत चहाची सुट्टी झाली तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने खिशातून मोबाइल काढला आणि "भाऊ, हे एकदा बघाच" म्हणून आमच्यापुढे धरला. दोन मिनिटांची अमेरिकन जाहिरात होती. त्यात चित्र हलत नाही, नुसती छायाचित्रे एकामागून एक येतात. बर्फाळ रानात उभे एकटे जनावर, सुरकुतलेले चेहरे, राबून रापलेले हात. मागे एका म्हाताऱ्याचा आवाज. त्याचे सांगणे एवढेच, की सृष्टी घडवून झाल्यावर आठव्या दिवशी देवाला तिची राखण करणारा हवा होता, म्हणून त्याने शेतकरी घडवला. पोराचे डोळे पाणावले होते. "आपल्याबद्दल असे कुणी कधी बोलेल का?" त्याने विचारले. तेवढ्यात दुसरे सत्र सुरू झाले आणि उत्तर राहून गेले. ते येथे देत आहोत. जरा लांबले तर त्याने रागावू नये.

आधी आमचे गोत्र सांगून टाकतो. शेतकरी संघटनेच्या लोकांना डाव्या मंडळींनी पहिल्या दिवसापासून 'कुलक' आणि 'प्रतिगामी' ही विशेषणे लावली. आम्हाला त्याचे दुःख नाही. आजोबांनी घातलेला बांध का घातला हे कळल्याशिवाय फोडू नये, सरकारने आपल्या खळ्यात पाय ठेवू नये आणि देण्याघेण्याचा हिशेब लिहून ठेवावा, एवढ्याने माणूस प्रतिगामी ठरत असेल तर आम्ही प्रतिगामी आहोत. असा जुन्या वळणाचा माणूस फुटबॉल आणि नाचगाण्यांवर लिहायला बसला आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

ही जाहिरात ३ फेब्रुवारी २०१३ रोजी सुपर बाउलच्या वेळी दाखवली गेली. सुपर बाउल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची अंतिम लढत. खेळाचे नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. आणि तो गोलही नसतो, न सोललेल्या नारळासारखा दोन्हीकडे निमुळता असतो. नावाचा आणि कामाचा संबंध असलाच पाहिजे असे नाही. आपल्या केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या नावातही २०१५ पासून 'शेतकरी कल्याण' आहे. तर या खेळात अकरा-अकरा धिप्पाड गडी झुंजीच्या टोणग्यांसारखे एकमेकांवर धडकतात, काही सेकंदांत खेळ थांबतो, आणि मधल्या सुट्ट्यांत जाहिराती लागतात. त्या वर्षी अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीला सुमारे ४० लाख डॉलर पडत होते आणि सामना पाहणारे दहा कोटींच्या वर होते. त्याच सामन्यात न्यू ऑर्लिन्सच्या स्टेडियममधली वीज गेली आणि खेळ ३४ मिनिटे बंद पडला. साऱ्या देशात बोंबाबोंब झाली. मध्यरात्री मोटार चालू करायला विंचूकाट्यातून विहिरीवर जाणाऱ्या आपल्या माणसाला त्या ३४ मिनिटांचे फारसे वाटणार नाही.

जाहिरातीतला आवाज पॉल हार्वे यांचा. हे रेडिओवरचे नावाजलेले निवेदक, आमच्यासारखेच जुन्या वळणाचे. शेती शिकणाऱ्या मुलांच्या 'एफएफए' या संघटनेच्या अधिवेशनात १९७८ साली त्यांनी हे भाषण केले होते. २००९ साली ते वारले. म्हणजे मेलेल्या माणसाने पस्तीस वर्षांपूर्वी मुलांपुढे केलेले भाषण ट्रक विकायला कामी आले. ट्रकचे नाव रॅम. त्याचा आपल्या रामाशी संबंध नाही, इंग्रजीत रॅम म्हणजे मेंढा. बनवणारी कंपनी क्रायस्लर. ही कंपनी २००८-०९ साली बुडाली होती आणि सरकारने करदात्यांच्या पैशातून तिला वर काढले होते. चार वर्षांनी तीच कंपनी, कुणापुढे हात न पसरणाऱ्या स्वाभिमानी शेतकऱ्याचे पोवाडे गात होती.

आणि तो शेतकरी तरी किती स्वाभिमानी? त्याच्या पीकविम्याचा निम्म्याहून अधिक हप्ता सरकार भरते. ज्या कायद्याने त्याला मदत मिळते त्याची मुदत २०१२ साली संपली होती. वॉशिंग्टनमध्ये भांडणे चालली होती, आणि २०१३ च्या पहिल्या दिवशी कशीबशी मुदतवाढ मिळाली होती. नवा कायदा व्हायला फेब्रुवारी २०१४ उजाडला. जाहिरातीत याचा उल्लेख असण्याचे कारण नव्हते. डोळे पाणावलेला माणूस कलमे-उपकलमे वाचत नाही.

नेब्रास्का राज्याकडे पाहा. हे मक्याचे राज्य. तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे नावच 'कॉर्नहस्कर्स', म्हणजे मक्याची कणसे सोलणारे. सामन्याच्या दिवशी त्यांचे स्टेडियम हेच राज्यातले तिसऱ्या क्रमांकाचे शहर असते, असे तिथे गमतीने म्हणतात. सरकारने जमिनी देऊन शेती शिकवण्यासाठी जी विद्यापीठे काढली त्यांपैकी हे एक. आपली कृषी विद्यापीठे याच नमुन्यावर उभी केली गेली. नमुना आणला, फुटबॉल तेवढा आणायचा राहिला. आम्ही शिकलो तेव्हा तो आणला असता तर निदान कुणीतरी विद्यापीठाकडे पाहिले असते.

त्या संघाचे पंचवीस वर्षांचे प्रशिक्षक टॉम ऑस्बॉर्न. लोक त्यांना देव मानत. २००० साली ते रिपब्लिकन पक्षातर्फे उभे राहिले आणि ८० टक्क्यांहून अधिक मते घेऊन वॉशिंग्टनला गेले. २००६ साली त्यांना राज्याचे गव्हर्नर व्हायचे होते. पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीतच लोकांनी त्यांना घरी बसवले. मैदानावरची भक्ती आणि मतपेटी ही दोन खाती तिथल्या शेतकऱ्याने वेगळी ठेवली, हे आम्हाला आवडले.

बाकीची खाती मात्र त्याने पार एकत्र करून टाकली आहेत. सरकार जितके छोटे तितके बरे, असे हे राज्य म्हणते. पण विजेचा सगळा पुरवठा सार्वजनिक मालकीचा असलेले अमेरिकेतले एकमेव राज्य हेच. बाजार मोकळा हवा असे म्हणणाऱ्या याच लोकांनी १९८२ साली मतदान करून कंपन्यांना शेती करायला बंदी घातली. ती २००६ साली न्यायालयाने काढली. मक्याचा मोठा हिस्सा इथेनॉलला जातो, आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची सक्ती सरकारी कायद्याची आहे. २०१८ साली त्यांच्याच मताच्या सरकारने चीनशी आयातशुल्काची मारामारी सुरू केली, चीनने सोयाबीनवर उलट शुल्क लावले, भाव पडले. मग त्याच सरकारने दोन वर्षांत मिळून २८ अब्ज डॉलरची भरपाई जाहीर केली. आमच्या पंथाच्या या लोकांनी आलेले चेक परत पाठवल्याचे ऐकिवात नाही.

हसायला आम्हाला तोंड नाही. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा देऊन आमचा घसा बसला, आणि २०१७ च्या कर्जमाफीचा ऑनलाइन अर्ज भरायला छातीवर लाल बिल्ला लावलेले आमचे लोकही नवराबायको मिळून रांगेत उभे होते. अंगठ्याचा ठसा उमटत नव्हता म्हणून तिसऱ्यांदा आले होते. आम्ही त्यांना नावे ठेवणार नाही. ज्याचा माल सरकारने भाव पाडून नेला, त्याचे कर्ज हे त्याचे पाप नव्हे. ही मांडणी आम्ही जन्मभर केली आहे. फरक आहे तो एवढाच, की अमेरिकन शेतकऱ्याला अधिक सबसिडी मिळते आणि आपल्याला उणे. तरी रांगेतला माणूस इथून तिथून सारखाच दिसतो, हे मान्य केले पाहिजे.

पण पॉल हार्वे यांच्या भाषणाचे वर्ष विसरू नका. १९७८. त्याच सुमारास अमेरिकेत खरे शेतकरी काय करत होते? शेतीमाल आणि शेतीला लागणाऱ्या वस्तू यांच्या किमतींचे १९१० ते १९१४ या काळात जे प्रमाण होते ते परत मिळावे, अशी त्यांची मागणी होती. त्यासाठी 'अमेरिकन ॲग्रिकल्चर मूव्हमेंट' या नावाखाली फेब्रुवारी १९७९ मध्ये हजारो शेतकरी ट्रॅक्टर चालवत राजधानीत उतरले. शहराची वाहतूक तुंबली, वर्तमानपत्रे चिडली, पोलिसांनी ट्रॅक्टर मैदानात कोंडून घातले. मग काही दिवसांत राजधानीत प्रचंड हिमवृष्टी झाली. रस्ते बंद. तेव्हा हेच ट्रॅक्टर बाहेर काढून शेतकऱ्यांनी बर्फ हटवला आणि डॉक्टर-नर्सना इस्पितळात पोचवले. शहराने टाळ्या वाजवल्या. किमतीची मागणी तिथेच राहिली. इकडे चाकणला कांद्याचे आंदोलन उभे राहत होते तो हाच काळ.

टाळ्यांचा आणखी मोठा कार्यक्रम २२ सप्टेंबर १९८५ रोजी झाला. इलिनॉय विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये विली नेल्सन, नील यंग आणि जॉन मेलनकॅम्प या गायकांनी 'फार्म एड' हा जलसा भरवला. तेव्हा अमेरिकन शेती कर्जात बुडाली होती, घरेदारे लिलावात जात होती. मुळात ही कल्पना निघाली ती दोन महिन्यांपूर्वी. आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी फिलाडेल्फियाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये जलसा चालू असताना बॉब डिलन मंचावरून बोलून गेले, की यातले थोडे पैसे आपल्या शेतकऱ्यांच्या गहाण जमिनींसाठी दिले तर. अनेकांना ते अप्रस्तुत वाटले. उपाशी माणसांचा पैसा कर्जबाजाऱ्यांना कसा द्यायचा? आम्हाला मात्र डिलनचे कौतुक वाटते. शेतकरी दुष्काळानेच मरतो असे नाही, सुकाळानेही मरतो, हे एका गाणाऱ्याच्या तोंडून निघाले.

त्या जलशातून जमले सुमारे ९० लाख डॉलर. अमेरिकन शेतकऱ्यांवरचे एकूण कर्ज होते २०० अब्ज डॉलरच्या आसपास. आम्ही हिशेब मांडून पाहिला: शंभर रुपयांच्या कर्जाला अर्धा पैसाही येत नाही. गायकांना तो हिशेब कळत होता असे दिसते, कारण पुढे नेल्सन आणि मेलनकॅम्प शेतकऱ्यांना बरोबर घेऊन वॉशिंग्टनला साक्षी द्यायला गेले, आणि १९८७ साली शेतीकर्जाचा नवा कायदा झाला. त्या कामाला कुणी तिकीट काढून आले नव्हते.

आता आपल्या घरचे. ते सांगायला आम्हाला जास्त जड जाते.

२ फेब्रुवारी २०२१ रोजी रिहाना या गायिकेने दिल्लीच्या वेशीवर बसलेल्या शेतकऱ्यांबद्दल एका ओळीचे ट्वीट केले, की याविषयी कुणी बोलत का नाही. दुसऱ्या दिवशी भारताच्या परराष्ट्र खात्याने निवेदन काढले. मग क्रिकेटचे देव बोलले, सिनेमाचे नायक बोलले, लतादीदी बोलल्या. महाराष्ट्राच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी त्या ट्वीटांची चौकशी करू असे सांगितले. आमच्या तालुक्यात विहिरीवरची मोटार चोरीला गेल्याची चौकशी इतक्या लवकर कधी लागली नाही. जुजू स्मिथ-शुस्टर या अमेरिकन फुटबॉलपटूने आंदोलकांच्या औषधपाण्यासाठी १० हजार डॉलर दिले. ७ फेब्रुवारीला सुपर बाउल होता. त्यात कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो भागापुरती एक जाहिरात लागली, तिथल्या शीख मंडळींनी पैसे जमवून दिलेली. विषय: भारतातले शेतकऱ्यांचे आंदोलन. आठ वर्षांपूर्वी ज्या खेळात ट्रक विकायला शेतकरी उभा केला होता, त्याच खेळात आता आपला शेतकरी उभा होता.

आणि आम्ही कुठे होतो? आम्ही त्या शेतकऱ्यांच्या विरुद्ध बाजूला होतो. बाजार समितीबाहेर विकण्याची मोकळीक, साठ्यावरची बंधने सैल, कराराची मुभा. हे शरद जोशींनी आयुष्यभर मागितले. डंकेल प्रस्तावाच्या वेळी सारा देश विरोधात असताना त्यांनी पाठिंब्याची भाषणे केली. ते २०१५ साली गेले. पाच वर्षांनी ते कायदे आले तेव्हा पाहायला ते नव्हते. आमच्या अनिल घनवटांना सर्वोच्च न्यायालयाने समितीवर घेतले. समितीने मार्च २०२१ मध्ये अहवाल दिला, तो वर्षभर बंद पाकिटात राहिला. १९ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी कायदे मागे घेतल्याचे जाहीर केले. अहवाल कुणी उघडलाच नाही म्हणून शेवटी मार्च २०२२ मध्ये घनवटांनी स्वतःच लोकांपुढे ठेवला.

रिहानामुळे आम्ही हरलो असे म्हणणारे आमच्यात आहेत. आम्हाला ते पटत नाही. आधी अध्यादेश, मग २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत गोंधळात आवाजी मतदान. असा गोल आपल्या बाजूने झाला तरी त्यावर नाचू नये, एवढी रीत आम्हाला कळायला हवी होती. आम्ही नाचलो. दुसरे अधिक वाईट. त्याच्या सहा दिवस आधी, १४ सप्टेंबरला, त्याच सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती. एका हाताने स्वातंत्र्याचा कायदा, दुसऱ्या हाताने कांद्याच्या नरड्याला फास. ऑक्टोबरमध्ये कांद्यावर साठ्याची मर्यादाही आली. आम्ही पत्रके काढली, निषेध केला, पण कायद्यांचे समर्थन करताना आवाज जितका चढला तितका तेव्हा चढला नाही. लासलगावच्या माणसाने आम्हाला हे तोंडावर विचारले. त्याला द्यायला उत्तर नव्हते.

आणखी एक कबुली. पंजाबचा शेतकरी तिथे का बसला होता? त्याच्याकडे हमीभावाने चालणारी गहू-भाताची खरेदी आहे, मंडी आहे, आडत्या आहे. व्यवस्था सदोष आहे, जमिनीखालचे पाणी खाते आहे, हे आमचे शेतकी शिक्षण आम्हाला सांगते. पण जे हातात आहे ते कागदावरच्या आश्वासनावर सोडायचे नाही, असे तो म्हणत होता. बापाचा बांध का फोडू? आमच्या व्याख्येने खरा जुन्या वळणाचा तोच निघाला. आम्ही क्रांतिकारक ठरलो. थंडीत बसलेल्या त्या लोकांतले कितीतरी घरी परतले नाहीत. त्यांच्याशी आमचा मतभेद आहे. त्यांना खलिस्तानी म्हणणाऱ्यांच्या पंगतीला आम्ही कधी बसलो नाही, बसणार नाही.

शेतकरी चळवळीत चेंडू कमी आणि फूट जास्त, हे जुनेच दुखणे आहे. २ ऑक्टोबर १९८९ ला दिल्लीच्या बोट क्लबवर टिकैत आणि जोशी यांच्या माणसांत काय झाले ते ज्येष्ठांना आठवत असेल. एकीकडे हुक्का, दुसरीकडे जीन पँट. छायाचित्रकारांना शेतकरी म्हणून हुक्का पटला. जीन पँट घालून आकडे सांगणारा माणूस शेतकऱ्यांचा पुढारी कसा, हे शहराला अखेरपर्यंत कळले नाही. २८ जानेवारी २०२१ च्या रात्री गाझीपूरला राकेश टिकैत रडले आणि विस्कटत चाललेले आंदोलन पुन्हा उभे राहिले. ते अश्रू खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. उणे सबसिडीचा तक्ता दाखवून मात्र असे कुणी कधी परत आलेले नाही.

रिहानाचे पुढे काय झाले? १२ फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बाउलमध्ये मध्यंतराचा कार्यक्रम तिचा होता. १ मार्च २०२४ ला ती जामनगरला अंबानींच्या घरच्या लग्नाआधीच्या सोहळ्यात गायली. दिल्लीला आंदोलन चालले होते तेव्हा पंजाबात याच घराण्याच्या कंपनीचे टॉवर फोडले जात होते. आमचे काही मित्र तिच्यावर दात खाऊन आहेत. आमचा तिच्यावर काडीचा राग नाही. तिने तिच्या मालाचा भाव स्वतः ठरवला, गिऱ्हाईक स्वतः निवडले, आणि शहरात गाणे महागले म्हणून तिच्या गाण्याची निर्यात कुणी बंद केली नाही. आम्ही कांद्यासाठी याहून वेगळे काय मागतो?

आता त्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर. बाळा, आपल्याबद्दल असे बोलणारे रोज बोलतात. बळीराजा, अन्नदाता, जगाचा पोशिंदा. १९५७ साली 'मदर इंडिया' आला, १९६७ साली 'उपकार' आला; लोक थिएटरात रडले आणि बाहेर येऊन स्वस्त धान्याच्या रांगेत उभे राहिले. त्यांच्यासाठी तुझ्या आजोबांच्या खळ्यातून लेव्हीची ज्वारी गेली. खताच्या पोत्यावर हसरा शेतकरी असतो, पोळ्याला पुढाऱ्यांचे फलक लागतात. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा कांद्याची निर्यात बंद झाली, मे २०२४ मध्ये उठली तेव्हा ४० टक्के शुल्क बसले, ते पूर्ण जायला एप्रिल २०२५ उजाडला. या सगळ्या काळात अन्नदाता हा शब्द एकाही भाषणातून गळला नाही. देवाने घडवलेला माणूस भाव मागत नाही, तो राबतो. म्हणून तर त्याला देवाने घडवलेला म्हणतात. तुझ्या डोळ्यांत पाणी आले त्याची लाज बाळगू नकोस, आमच्याही आले होते. जाहिरात चांगलीच केली आहे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने गेल्या तीन हंगामांच्या कांद्याच्या आणि सोयाबीनच्या पट्ट्या घेऊन याव्यात. वजन, तोलाई, हमाली, आडत, गाडीभाडे वाचता आले पाहिजे. फाटलेली चालेल. आणि त्या पोराने मोबाइल चार्ज करून आणावा, पट्ट्यांचे फोटो काढायचे आहेत.